रामाचा राम झाला

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कागदावर राज्यमार्ग हा शब्द कधी पूर्ण लिहीत नाहीत. 'रा.मा.' एवढंच लिहितात. आम्ही पडलो नाशिककर. टिंबं गाळून वाचायची सवय, त्यामुळे निविदेच्या जाहिरातीत 'रामा खड्डे भरणे' असं दिसलं की हात आपसूक जोडले जातात.

या रामाची भावकी मोठी आहे. १९४३ साली नागपुरात देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. बाहेर महायुद्ध चाललेलं, आत रस्त्यांचे वर्ण ठरत होते. माणसांना चार पुरले होते, रस्त्यांना पाच लागले : राष्ट्रीय, त्याखाली प्रांताचा म्हणजे आजचा राज्यमार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि तळाला गावचा रस्ता. महाराष्ट्राने त्यात प्रमुख राज्यमार्ग ही एक पोटजात काढली. प्र.रा.मा., रा.मा., प्र.जि.मा., इ.जि.मा., ग्रा.मा. मुंज झालेल्या मुलाने गायत्री म्हणावी तसं कनिष्ठ अभियंता हे म्हणतो.

आता आमच्याकडे एक क्रांती झाली आहे. या व्यवस्थेत वर्ण बदलता येतो.

सिन्नरहून निघून घोटी, त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर करत पालघरला जाणारा रस्ता घ्या. वर्षानुवर्षं साधा राज्यमार्ग. एके दिवशी दिल्लीहून राजपत्र आलं आणि त्याचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६०ए झाला. राष्ट्रीय महामार्ग कागदावर 'रा.म.' असा लिहितात. म्हणजे रामाचा राम झाला. बढतीत गेला तो फक्त एक काना.

जुन्या वाचकांना सांगायला नको, मुंबईच्या पांढरपेशा घरांत एकेकाळी पाणी भरणारा, भांडी घासणारा जो कोणी गडी असे त्याला, त्याचं खरं नाव काहीही असो, रामाच म्हणत. तर काल गडी होता तो आज देव झाला. गड्याला पगार द्यावा लागतो. देवाला नारळ फोडला की भागतं.

बढतीची खूण म्हणून किलोमीटरचे दगड रंगवायचे असतात. राज्यमार्गाच्या दगडाचं डोकं हिरवं, राष्ट्रीय महामार्गाचं पिवळं. दगडांना हळद लागली. हळद लागलेली पोर दारात बसून वाटेकडे बघते तसे ते आता काठाने बसून डांबराची वरात येते का बघत असतात.

क्रमांकाचंही एक शास्त्र आहे. २०१० मध्ये देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांचं नव्याने बारसं झालं. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, आणि फाटा फुटला की मूळ आकड्याच्या आधी आणखी एक आकडा. धुळे-नाशिक-पुणे हा ६०. ठाण्याहून नाशिक-सिन्नर-शिर्डीकडे जातो तो १६०, साठाचा मुलगा. त्याची लेक १६०ए. कुळ सांगता येतं, चेहरा ओळखू येत नाही. आमच्या आग्रा रोडचा 'तीन नंबर' या बारशात हिरावला गेला. तो आता अटारीहून मनालीमार्गे लेहला जातो, हवापालटाला. पुणे रोडचा 'पन्नास' नांदेडला बदलून गेला. पण नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षावाल्याला 'साठ नंबरला चल' म्हणून बघा. पुणे रोडच म्हणावं लागतं.

एकट्या १६०एचं भाग्य उजळलं असं नाही. पेठचा रस्ता ८४८ झाला. पिंपळगाव बसवंतहून वणीमार्गे सापुताऱ्याला जाणारा ९५३ झाला. २०१४ साली देशात राष्ट्रीय महामार्ग होते ९१,२८७ किलोमीटर, दहा वर्षांत ते १,४६,००० च्या वर गेले. यातले जमिनीवर किती वाढले आणि पाटीवर किती, हे विचारणाऱ्याला विकासविरोधी म्हणतात, म्हणून मी विचारत नाही.

तर चला सिन्नरहून. यादवांची ही जुनी राजधानी. गोंदेश्वराचं मंदिर शतकानुशतकं ऊनपाऊस खात उभं आहे. त्या काळी दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने पदरच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, ही भानगड नसावी. पुढे भरवीरला समृद्धी महामार्ग भेटतो. ७०१ किलोमीटर, ताशी १२० ची मुभा, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाला. दोघे भेटतात ते श्रीमंत चुलतभाऊ लग्नात भेटावा तसे. तो काच खाली करून 'कसं काय, बरं आहे ना?' विचारतो आणि उत्तर यायच्या आत इगतपुरीला पोचलेला असतो.

घोटीनंतर डोंगर जवळ येतात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पहिनेच्या धबधब्यांपाशी गाड्यांची अशी दाटी होते की महामार्गाचा वाहनतळ होतो. दर्जा त्याचाही राष्ट्रीयच म्हणायचा. मग त्र्यंबकेश्वर.

इथे रस्त्याचं कॅलेंडर वेगळं. इथलं वर्ष बारा वर्षांचं असतं. १९९१, २००३, २०१५ आणि आता ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण. गुरू सिंह राशीत शिरण्याआधी पोकलेन रस्त्यात शिरतो, हा मुहूर्त एकाही पंचांगात दिलेला नाही, पण चुकत नाही. साधूंचा आखाडा आणि रस्त्याचा आराखडा या दोन शब्दांत फरक कितीसा? दोन्हीकडे मान कोणाचा पहिला यावर वाद होतात.

त्र्यंबकच्या डोंगरांनी एक गंमत करून ठेवली आहे. इथून गोदावरी निघते आणि पूर्वेला जाते. तिच्या वाट्याला कुंभ, आरती, घाट, प्राधिकरण. याच परिसरातून वैतरणा निघते आणि पश्चिमेला जाते. तिच्या वाट्याला धरणं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडक सागर हे तीन या एका नदीवर. आमचा रस्ता नेमका वैतरणेच्या बाजूने पश्चिमेला वळतो. आपलं दैव आपण निवडतो ते असं.

तोरंगणचा घाट उतरून एसटी मोखाड्याच्या हद्दीत आली तेव्हा शेजारी एक म्हातारे बसले होते, मांडीवर नागलीच्या पिठाची पिशवी. सदर लिहिणाऱ्याला माहिती पाजळायची खोड असते. म्हटलं, "बाबा, हा आता राष्ट्रीय महामार्ग झालाय बरं का!" त्यांनी एकवार खिडकीबाहेर बघितलं. म्हणाले, "असंल. पर गाडी तीच हाय ना?"

मोखाडा तालुक्यात पाऊस धो धो पडतो. तालुक्याच्याच हद्दीत मध्य वैतरणेचं अवाढव्य धरण आहे. आणि दरवर्षी उन्हाळा लागला की याच तालुक्याच्या पाड्यांवर पाण्याचे टँकर सुरू होतात. पाणी जातं नळाने मुंबईला आणि परत येतं चाकांवर. वर रामा गड्याचं सांगितलं, ते उगाच नाही. हा प्रदेश अजून मुंबईकरांच्या घरी पाणी भरतोय.

जव्हार हे मुकणे राजांचं संस्थान. सुरतेच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज १६६४ च्या सुरुवातीला याच डोंगरांतून गेले आणि जव्हारच्या राजांनी शिरपामाळावर त्यांचं स्वागत केलं, असं इथे सांगतात. डांबर नव्हतं, घोडदळ होतं, आणि सुरतेला बेत कळायच्या आत फौज सुरतेत होती. आज तेवढ्या वेळात भूसंपादनाची सूचना निघते, तीही चुकीच्या गट क्रमांकाची. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली, तेव्हाही या रस्त्याने सरकारी गाड्यांची रीघ लागली होती. येताना रस्ता सगळ्यांना वाईट वाटतो. ठाण्यात, मुंबईत परतल्यावर विसरायलाही होतं. पालघर वेगळा जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. मोखाडकरांची खेप ठाण्याऐवजी पालघरला पडू लागली, याच रस्त्याने.

विक्रमगड, मनोर मी एका दमात सांगतो, कारण तिथवर येईतो माझी कंबर बोलायच्या स्थितीत नव्हती.

पैशांचं म्हणाल तर तो प्रश्न एका मराठी माणसाने कधीच सोडवून ठेवला आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते समिती नेमली गेली. पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांवरच खर्च करा, अशी तिची शिफारस. १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ता निधी उभा राहिला. म्हणजे पंपावर नळी लागते तेव्हा आपण रस्त्याची वर्गणीच भरत असतो. पावती मिळते, प्रसाद तेवढा प्रत्येक खड्ड्यात थोडाथोडा मिळतो.

यात राम नाही असं कोणी म्हणू नये. राम आहे. राजपत्रात आहे, पिवळ्या दगडावर आहे, नकाशात तर ठळक रेषेत आहे. फक्त नागपूरच्या त्या उतरंडीतला तळचा ग्रा.मा. कुठे दिसतो का, म्हणून मी मोखाडा-जव्हारच्या आत बघत होतो. कितीतरी पाड्यांवरून १६०एकडे येणाऱ्या पायवाटांना अजून कोणताच क्रमांक नाही. पावसाळ्यात त्या वाटेने अडलेली बाई चादरीच्या डोलीतून येते, चार माणसांच्या खांद्यावर.