काठावरचे कप्तान

विटा-खानापूरकडची गलाई करणारी माणसं सोनं आटवायला भारतभर पांगली, त्यांतले आमचे तात्या म्हैसुरात स्थिरावले. अशोका रोडच्या मागच्या बोळात त्यांची भट्टी. जन्म 1972 च्या दुष्काळातला, त्यामुळे पोहणं वगैरे प्रश्नच नाही. पण जेटस्की कशी वळवावी यावर त्यांच्याइतकं ठाम बोलणारा मराठी माणूस अख्ख्या म्हैसुरात सापडायचा नाही.

दसऱ्याला गावाकडचे पाहुणे उतरतात. राजवाड्याची रोषणाई झाली, चामुंडी टेकडी झाली, की तात्या सगळ्यांना गाडीत कोंबून टी. नरसीपूर रस्त्यावरच्या वरुणा तळ्यावर नेतात. सकाळचा मसाला डोसा जिरायच्या आत व्याख्यान सुरू.

"याला सुकाणू नसतंय. खालनं पाणी ओढायचं आन् मागच्या नळीतनं पिचकारी मारायची. हँडल फिरवलं की नळी फिरती. आता पिचकारीच बंद केली, तर हँडल फिरवून काय करणार? भजन?"

वैताग याचा येतो की माणूस बरोबर बोलतो. जन्मभर स्कूटर चालवलेला माणूस आधी मूठ पिळत बसतो; इथं बोटानं खटका दाबायचा असतो. पुढं काही आडवं आलं की सवयीनं खटका सोडून हँडल वळवतो. पाण्याचा जोर गेला की वळणंही गेलं, आणि ज्याला चुकवायचं त्याच्याच अंगावर यंत्र सरळ जातं. म्हणून घाबरलात तरी खटका थोडा दाबलेला ठेवायचा आणि मोकळ्या पाण्याकडं वळायचं. 2009 पासून काही यंत्रांना ब्रेक आला, असं मी एकदा म्हणालो. "भाड्याच्याला कुठला?" तात्यांनी विषय मिटवला.

कुणी जांभई दिली की हिलरी बाहेर येतो. न्यूझीलंडच्या हॅमिल्टननं उथळ नद्यांसाठी जेटबोट घडवली; तसल्या बोटी घेऊन हिलरी 1977 मध्ये गंगासागरापासून गंगा चढत निघाला आणि नंदप्रयागजवळ धबधब्यानं त्याला थांबवलं. "एव्हरेस्टला जमलं नाही ते धबधब्यानं केलं," असं तात्या अशा थाटात सांगतात, की धबधबा खानापूर तालुक्यातला वाटावा.

यंदा पाळी नव्या जावयाची होती. तात्यांनी त्याच्या लाइफ जॅकेटचा एकेक पट्टा ओढून पाहिला. इंजिनच्या खटक्याची दोरी मनगटात अडकवली. "पडलात तर दोरी सुटती, यंत्र तिथंच गप. तुम्हाला सोडून पळत नाही." मग स्वतःही जॅकेट चढवून सगळे पट्टे आवळले आणि काठावर उभे राहिले. काठावरनंही पाय घसरतो म्हणे.

जावई सुसाट निघाला. मागं तिथला शिकवणारा पोरगा बसलेला. समोर वल्ह्याची होडी दिसताच तात्या ओरडले, "बिडबेड! बिडबेड!" सोडू नको, असं कानडीत. जावई इचलकरंजीचा, कानडीचं अक्षर कळत नाही; त्यानं खटका सोडला आणि हँडल गरागरा फिरवलं. पोराला मात्र कानडी नीट कळलं. त्यानं जावयाची कंबर आणखी घट्ट धरली. यंत्र होडीच्या दिशेनं नाकासमोर चाललेलं. शेवटी पोराच्याच डोक्यात प्रकाश पडला. त्यानं पुढं हात घालून खटका दाबला आणि दोघं होडीच्या बाजूनं वळसा घालून आले.

आता जावयाला बोलायची सोय नाही. तात्यांनी त्या पोरालाच पाच मिनिटं कानडीतून झोडपलं. जावई शेजारी उभा राहून, सासरकडचा माणूस कुणावर तरी रागावलाय एवढंच समजून, गंभीरपणे मान हलवत होता.

या गडबडीत काकू कुठं गेल्या कुणाच्या ध्यानात नव्हतं. दहा मिनिटांनी त्या पाण्यावरूनच आल्या, नऊवारीचा काष्टा खोचलेला, अंगावर जॅकेट, दुसऱ्या पोराला मागं बसवून. धक्क्यापाशी अलगद वेग कमी करत यंत्र लावलं आणि उतरून पदर पिळत म्हणाल्या, "त्यात काय एवढं? खटका सोडायचा नाही, झालं."

तात्यांनी जावयाकडं पाहिलं. "बघा. शिकवलं कुणी?"