काळ्या स्क्रीनचे सर

काळ्या स्क्रीनच्या सरांकडे बंद पडलेला लॅपटॉप नेला, की त्याला हात लावण्याआधी ते तुमची उलटतपासणी घेतात. बंद पडला तेव्हा चार्जर लावलेला होता का? झाकण उघडं होतं की मिटलेलं? पंखा फिरत होता? दिवा पिवळा लागला की पांढरा, आणि किती वेळा लुकलुकला? माणूस बिचारा 'सर, चालूच होत नाय' एवढंच सांगायला आलेला असतो. तेवढं सांगून त्याच्याकडची सगळी माहिती संपलेली असते. सरांच्या लेखी ती नुसती प्रस्तावना.

असे सर डहाणूत आहेत, तलासरीत आहेत, आणि एखादा वापीच्या जीआयडीसीत मेंटेनन्सला लागलेला आहे. कुणी झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवतो, कुणी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड. शर्टाच्या खिशात टेस्टर, किल्ल्यांच्या जुडग्यात पेन ड्राइव्ह, आणि तोंडात सतत 'आपल्याकडे'. 'विंडोजवाले अडलं की फॉरमॅट मारतात, आपल्याकडे कारण शोधतात.' हे 'आपल्याकडे' म्हणजे लिनक्सकडे, विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टीमकडे. डहाणूचा त्याच्याशी संबंध नाही.

मी सांगतोय ते सर झेडपीच्या शाळेतले, डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला राहतात. दुखणं कुठलंही असो, ते एक काळी स्क्रीन उघडून तीत पांढरी अक्षरं बडवू लागतात, म्हणून पोरांनी हे नाव पाडलं. नाव सरांच्या कानावर आहे. त्यांची हरकत एवढीच, की उबुंटू नावाच्या लिनक्सची ती स्क्रीन काळी नाही, गडद जांभळी आहे.

सध्या त्यांच्या ओटीवर सुगी आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट लॅपटॉप एका तारखेत म्हातारे ठरले आणि ज्याला त्याला सरांची आठवण झाली. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. सर म्हणतात, बसा. नवा घ्यायला पैसे लागतात आणि बसायला वेळ लागतो, हा दोघांतला फरक. सर एक रुपया घेत नाहीत. चिकूच्या दिवसांत कुणी पाटीभर चिकू आणून दिले तर नाही म्हणत नाहीत, पण त्यांची खरी फी म्हणजे ऐकून घेणं.

लिनक्स चढायला लागतात वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात १९९१ साल सांगून होतं. त्या वर्षी २० जूनला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, आणि २५ ऑगस्टला फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय, ती काही फार मोठी होणार नाही, असं जगाला कळवलं. तीच लिनक्स. दोन महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. सरांना मात्र तो स्पष्ट दिसतो. दोन्हीकडे कंपन्यांना मोकळं रान मिळालं नाही, असं त्यांचं म्हणणं. डहाणूच्या किनाऱ्यालगत होऊ घातलेल्या वाढवण बंदराचा विषय निघाला, की हे म्हणणं आणखी अर्धा तास लांबतं, आणि तोवर लिनक्स चढून लॅपटॉप झोपी गेलेला असतो.

सरांचा प्राण मात्र एकाच विषयात आहे: बॅटरी. डहाणूच्या खाडीकाठी औष्णिक वीज केंद्र उभं आहे. २५० मेगावॉटचे दोन संच, एकूण ५००. ती वीज जाते मुंबईच्या उपनगरांना. इकडे पहिला वळीव पडला की तलासरीच्या पाड्यांवर पंखे गप्प. ज्याच्या दारावरून वीज अंधेरीला जाते, त्याने वॉट-तास मोजत बसावं यात नवल नाही. लिनक्समध्ये बॅटरीची एक फायलींची पेटीच असते, 'बॅट-झीरो' नावाची. कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात किती मावत होतं आणि आज किती मावतं, दोन्ही आकडे तीत साध्या अक्षरांत लिहिलेले असतात. सर ते कागदावर उतरवून भागाकार करतात. संगणकाला भागाकार येतो, पण बॅटरीचा हाताने केलेला भागाकार लोकांना पटतो. '४८ मावत होते, १७ मावतात. म्हणजे पस्तीस टक्के.' समोरचा विचारतो, 'म्हणजे नापास ना, सर?' सर म्हणतात, 'काठावर पास.'

त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपची बॅटरी ८० टक्क्यांच्या वर कधी जात नाही. लिथियमला ऊन आणि काठोकाठ भरणं, दोन्ही मानवत नाही, म्हणून त्यांनी एका फाईलमध्ये ८० लिहून ठेवलंय. तेवढं भरलं की चार्जिंग आपोआप थांबतं. ही सोय सगळ्याच लॅपटॉपांवर नसते. ज्यावर नसते त्याच्या मालकाला सर 'असू दे, असू दे' म्हणतात, ते वर मिळाला नाही अशा मुलीच्या बापाला म्हणावं तसं.

गंजाडकडची एक मुलगी त्यांच्याकडे येते. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांचं गंजाड. ती वारली चित्रं इंकस्केपमध्ये काढते. ते सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि वर्तुळ, त्रिकोण, चौकोन यांवर चालणाऱ्या कलेला ते अगदी सोयीचं पडतं. तिची तक्रार अशी, की बॅटरी ३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप फटकन बंद होतो आणि अर्धा तारपा नाच जातो. इथे सर खुलले. बॅटरीतला टक्का हा मोजलेला नसतो, तो अंदाज असतो. सेल थकला, की जरा काम वाढताच त्याचा दाब कोसळतो आणि मशीन स्वतःला वाचवायला वीज तोडतं. टक्का तिथेच बसून राहतो. नवी बॅटरी हाच खरा उपाय, पण पैसे दिवाळीनंतर येणार होते. तोवर सरांनी यूपॉवर नावाच्या सेवेच्या फाईलमध्ये '२ टक्के उरले की बंद कर' असं होतं तिथे ३५ लिहिलं, आणि आधीच्या इशाऱ्यांचे आकडे त्याच्याही वर नेले. आता लॅपटॉप ३५ लाच सगळं जपून ठेवतो आणि रीतसर बंद होतो. मुलगी म्हणाली, 'म्हणजे लवकर बंद होतोय, एवढंच ना?' सर म्हणाले, 'हो, पण सांगून.'

दुसरं गिऱ्हाईक लोकलचं. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली, आणि चर्चगेटच्या बाजूला नोकरी करून सव्वाशे किलोमीटरवर झोपायला येणारी एक जमात तयार झाली. त्यातला एक पोरगा. बोरिवलीला ७० टक्के बॅटरी असताना झाकण मिटतो, डहाणूला उतरतो तेव्हा बॅग तव्यासारखी तापलेली आणि बॅटरी शून्य. सरांनी 'मेम-स्लीप' नावाची फाईल उघडायला लावली. लॅपटॉपला किती प्रकारे झोपता येतं ते तीत लिहिलेलं असतं, आणि चालू प्रकाराभोवती चौकटी कंस असतो. गाढ झोपेत फक्त मेमरीला वीज मिळते. डुलकीत सगळेच अर्धवट जागे. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत गाढ झोपेची सोयच ठेवलेली नसते. या पोराच्या फाईलमध्ये कंसात डुलकी होती आणि कंसाबाहेर काहीच नव्हतं.

मग डुलकीतून उठवतं कोण, याचा शोध सुरू झाला. सरांनी जर्नल उघडलं. लिनक्सचं जर्नल म्हणजे मशीनने मिनिटामिनिटाची लिहिलेली डायरी, आणि दुसऱ्याची डायरी वाचताना सरांना जो आनंद होतो तो लपत नाही. विरारला उठला. सफाळ्याला उठला. पालघरला दोनदा उठला. वाणगाव येईपर्यंत तर झोपलाच नाही. प्रत्येक वेळी उठवणारा एकच: बिनवायरचा माऊस. त्याचा बोटभर रिसीव्हर पोराने लॅपटॉपला तसाच लावून ठेवलेला, आणि माऊस बॅगेत डब्याशेजारी. गाडी हादरली की डबा माऊसवर आपटायचा आणि माऊस इमानेइतबारे लॅपटॉपला हाक मारायचा. सरांनी एका ओळीत माऊसचा उठवण्याचा अधिकार काढून घेतला. रिसीव्हर उपटून ठेवला असता तरी चाललं असतं, असं पोरगा म्हणाला. त्यावर सर काही बोलले नाहीत.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट तर सर कारण नसतानाही सांगतात. काही लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स चिप असतात, त्यातली मोठी रिकामी बसूनही बॅटरी खाते, आणि तिला लिनक्सवर शिस्त लावणं कटकटीचं असतं. २०१२ मध्ये फिनलंडच्या एका विद्यापीठात याच विषयावर बोलताना टोरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडिया कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं. सर हा प्रसंग हातवाऱ्यांसह सांगतात, फक्त ऐन क्षणी हात खिशात घालतात. शाळा झेडपीची आहे.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे हादरे सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ चा होता, आणि धुंदलवाडीकडची माणसं ऐन थंडीत घराबाहेर झोपत होती. जुन्या थिंकपॅडमध्ये हार्ड डिस्क वाचवण्यासाठी हादरा ओळखणारा एक सेन्सर असतो, आणि लिनक्सला तो वाचता येतो. सरांनी तलासरीला मेहुण्याच्या घरी असा एक थिंकपॅड भूकंपमापक म्हणून रात्रभर जमिनीवर ठेवला. सकाळी नोंदींची भलीमोठी यादी निघाली. ती मुख्यतः अहमदाबादकडे जाणाऱ्या ट्रेलरांची होती.

आता वहिनींविषयी. वहिनींनी कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी उभ्या केलेल्या संस्थेत, बालवाडीचं प्रशिक्षण घेतलंय. मुलाला उत्तर सांगायचं नाही, साहित्य हाताशी ठेवायचं आणि त्याचं त्याला सापडू द्यायचं, हे त्या तिथे शिकल्या आणि लग्नानंतर वापरत आल्या.

मे महिन्यात एका गुरुजींचा धातूच्या अंगाचा लॅपटॉप आला. चार्जर लावला, की स्क्रीनवरचा बाण नाचतो आणि मनगटाला मुंग्या येतात. सरांनी टचपॅडचा ड्रायव्हर बदलला. मग कर्नल बदलला. मग जुना कर्नल परत आणला. चार्जरवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचून दाखवली: १०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ, म्हणजे चार्जरची चूक नाही. मग एसीपीआयवर व्याख्यान झालं. बाण नाचत राहिला. वहिनींनी तांदूळ निवडता निवडता गुरुजींना विचारलं, 'शाळेत पण नाचतो का हो?' गुरुजी म्हणाले, 'नाय, शाळेत नाय नाचत. इथे न् आमच्या घरी.' वहिनी उठल्या, पाण्याची एक बादली भरली आणि सरांच्या पायाशी आणून ठेवली. बोलल्या काहीच नाहीत.

सर बादलीकडे पाहत राहिले. मग ती उचलून घरामागे गेले. अर्थिंगचा खड्डा उन्हाने कोरडाठाक पडला होता. आतला मीठ-कोळसा पार सुकलेला, म्हणजे अर्थिंग नावापुरतंच. बादली ओतली, दुसरी ओतली. आत येऊन पाहिलं तर बाण जागच्या जागी. मुंग्याही गेल्या. सरांनी घाम पुसला आणि गुरुजींना म्हणाले, 'बघा. ड्रायव्हर निर्दोष होता. मी पहिल्यापासून म्हणत होतो.'

हरतात ते फक्त बागायतदार शेठकडून. घोलवडच्या एका शेठनी लॅपटॉप आणला, सरांनी त्यावर मनापासून लिनक्स चढवलं, बॅटरी तासभर जास्त चालायला लागली, पंखा शांत झाला. शेठनी विचारलं, 'पण आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर क्यां?' ते फक्त विंडोजवर चालतं. सर विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायच्या युक्त्या सांगू लागले. शेठनी शांतपणे ऐकलं, पाटीभर चिकू ठेवले आणि लॅपटॉप घेऊन बाजारातल्या दुकानात गेले. त्या दिवशी सरांनी चिकू खाल्ले नाहीत.

माणूस कंटाळवाणा आहे, याबद्दल गावात दुमत नाही. तासाभराचं काम तो आठवडाभर करतो, आणि काम झाल्यावरही सोडत नाही. पण डहाणू-तलासरीत आज जितकी पोरं जुन्या लॅपटॉपवर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताहेत आणि कॉलेजचे प्रोजेक्ट करताहेत, त्यातले बरेच लॅपटॉप भंगारात जायचे होते, यावरही दुमत नाही. तुमच्या कपाटात एखादा पडून असेल, तर डहाणू रोडला पूर्वेला उतरा आणि कुणालाही विचारा. चार्जर बरोबर आणा, रविवारी या, आणि दुपारच्या गाडीने परत जायचा बेत ठेवू नका.