घर कोणी सोडायचं?

‘काम गेलं, डोकं फिरलं, हात उठला.’ २०२०च्या टाळेबंदीत बायकोला मारणाऱ्यांच्या बाजूने हीच सबब पुढे केली गेली आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. बारामती एमआयडीसीतल्या पाळ्या थांबल्या, हे खरं. दुधाचा दर कोसळला, हेही खरं. त्या एप्रिलात सरकारला रोज १० लाख लिटर दूध २५ रुपयांनी घेऊन भुकटी करायला द्यावं लागलं. पण कारखान्यात शिवणयंत्रावर बसणारीची हजेरी बुडाली नाही का? खानावळीत भाकऱ्या थापणारीचा रोज बंद झाला नाही का? डोकं तिचंही फिरलं असेल. तिने कोणाला मारलं?

पुणे जिल्ह्यातल्या बारामती-इंदापुरात गोठा बाई सांभाळते. शेण, वैरण, धार, सगळं तिचं. दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार मात्र बहुतेक घरांत नवऱ्याच्या खात्यावर जमा होतो. सातबाराही त्याचाच. तिच्या नावावर काय? बचत गटाचं कर्ज! रिझर्व्ह बँकेने ३१ ऑगस्टपर्यंत हप्ते लांबवायची सवलत दिली, व्याज चालूच राहिलं. अशा बाईला ‘मग निघून जा’ म्हणणं सोपं आहे. खिशात काय घेऊन निघायचं?

आणि जायचं कुठे? बारामतीच्या सुनेचं माहेर फलटणला म्हणजे सातारा जिल्हा. इंदापूरच्या सुनेचं माळशिरस किंवा करमाळ्याला म्हणजे सोलापूर जिल्हा. नीरा किंवा भीमा ओलांडली की माहेर, पण मार्चच्या अखेरीस जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. राज्यात दारूची दुकानं उघडायला मेच्या सुरुवातीलाच परवानगी मिळाली. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी सुटली २० ऑगस्टला. हा क्रम कोणाच्या सोयीचा होता, हे मारहाण सोसणाऱ्या बाईला विचारा.

त्याच एप्रिलात पुणे जिल्हा परिषदेने एक नेमकं पाऊल उचललं होतं. तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी आयुष प्रसाद यांनी जाहीर केलं की घरात मारहाण करणाऱ्या पुरुषाला संस्थात्मक विलगीकरणात ठेवू. म्हणजे बाई आणि पोरं घरात, तो बाहेर. गावागावांत कौतुकापेक्षा हशाच जास्त झाला असेल. मला तो त्या वर्षातला सर्वांत शहाणा सरकारी विचार वाटतो.

त्यासाठी महामारीची गरजही नव्हती. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १९ दंडाधिकाऱ्याला हाच अधिकार देतं: मारणाऱ्याला घराबाहेर काढण्याचा. घर त्याच्या नावावर असलं तरीही. अर्ज आल्यावर पहिली सुनावणी सहसा तीन दिवसांत लावायची, असंही कायदा सांगतो. हे आपल्याकडे किती बायकांना माहीत आहे? त्यांना सांगितलं जातं ते एकच, ‘चार दिवस माहेरी जाऊन ये, तो शांत होईल.’

विलगीकरणाच्या खोल्या पुन्हा शाळेचे वर्ग झाल्या, ठीकच आहे. पण तो निर्णय महामारीबरोबर गुंडाळायचं काही कारण नव्हतं. बारामती आणि इंदापूर पंचायत समित्यांनी या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा फोन नंबर प्रत्येक अंगणवाडीच्या आणि दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर रंगवावा, शेजारी कलम १९ साध्या मराठीत लिहावं. आणि डेअऱ्यांनी दुधाचा पगार धार काढणारीच्या खात्यावर टाकावा. येत्या दहा दिवसांच्या पगारापासूनच.