तोंडदेखली सफाई

डॉक्टरसाहेब,

पत्र उघड लिहितेय, तुमचं नाव मात्र लिहीत नाही. तुमच्यासारखे दवाखाने आणखीही असतील, आणि तिथे खुर्चीत आ वासून पडलेल्या माणसांना हे कळायला हवं.

आठ वर्षं माझी आई तुमच्याकडून दातांची सफाई करून घेत होती. दर दिवाळीआधी, घराला रंग काढावा तशी. वीस मिनिटं मशीन फिरायचं, मग पॉलिश, आणि मग तुम्ही तिच्या हातात आरसा द्यायचात. ‘काकू, बघा, मोत्यासारखे झाले!’ आई खूश होऊन घरी यायची. याच आठ वर्षांत तिने तुम्हाला सांगितलं होतं की ब्रश करताना रक्त येतं, पेरूची फोड चावता येत नाही, दात लांब दिसायला लागलेत. ‘वय झालं की होतंच,’ एवढ्यावर तुम्ही तिची बोळवण केलीत. तिला मधुमेह आहे; तुम्ही कधी विचारलंसुद्धा नाही. साखर हाताबाहेर असली की हिरड्या लवकर खराब होतात आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात यायला अडचण होते, हे तुम्ही शिकलेले आहात. तोंडदेखलं काम म्हणतात ते हेच.

गेल्या वर्षी भाकरी खाताना तिचा खालचा पुढचा दात हातात आला. किडलेला नव्हता. पांढरास्वच्छ, अख्खा, मुळासकट. तिने तो धुऊन रुमालात बांधून ठेवला आणि दुपारभर कुणाशी बोलली नाही.

मग मी तिला शासकीय दंत महाविद्यालयात नेलं, हिरड्यांच्या विभागात. तिथे एका तरुण डॉक्टरणीने मशीनला हातच लावला नाही. तिने ट्रेमधून एक बारीक सळई उचलली. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. डॉक्टर तिला प्रोब म्हणतात. ती सळई तिने दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद सरकवली आणि आकडे सांगायला लागली. बाजूची मुलगी लिहून घेत होती. ‘तीन, दोन, चार. पाच, सहा, सात, रक्त.’ एका दाताला सहा जागा. आईचे 26 दात उरले होते, म्हणजे 156 आकडे. रक्त आलं त्या आकड्याला लाल खूण. तक्ता भरत गेला तसा लाल होत गेला. मी शेजारी उभी राहून ते पाहत होते आणि मला राग कुणाचा यावा ते कळलं.

कारण ही सळई तुमच्या ट्रेमध्येही आहे. मी पाहिलीय. आठ वर्षांत ती एकदाही आईच्या तोंडात गेली नाही.

डॉक्टर, साधी सफाई पुरेल की हिरडीखालची खोल सफाई लागेल, हे ठरतं याच आकड्यांवर आणि एक्स-रेमधल्या हाडावर. एक ते तीन मिलिमीटर असेल तर फट निरोगी. चारच्या पुढे गेलं, रक्त येतंय आणि हाडही खचलंय, तर किटण मुळावर खाली उतरलेलं असतं आणि वरून कितीही मशीन फिरवा, तिथवर पोचत नाही. हिरडी नुसती सुजली असेल तर ती पूर्ववत होते. खचलेलं हाड मात्र सहसा आपणहून परत येत नाही. म्हणून वेळेवर मोजायचं.

आईची खोल सफाई दोन खेपांत झाली, भूल देऊन, एकेका बाजूची. हाताच्या अवजाराने मुळं खरवडतानाचा तो बारीक खरखर आवाज मला बाहेर बाकावर ऐकू येत होता. नंतर डॉक्टरणीने कापसावर निघालेलं किटण दाखवलं. काळपट, कडक, पाटीचे टवके उडावेत तसं. तुमच्या मोत्यांच्या खाली हे बसलं होतं. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा सातचे बरेच आकडे चार-पाचवर आले होते. दोन दाढांपाशी अजून सहा आहे, तिथे कदाचित हिरडी उघडून साफ करावी लागेल. हिरड्यांची सूज उतरल्यावर दात आणखी लांब दिसायला लागले, थंड पाणी झोंबतं. आई सोसते आहे. दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि रोज रात्री दातांच्या फटींतला तो छोटा ब्रश. चौसष्टाव्या वर्षी ती हे शिकली, कारण कुणीतरी तिला शिकवलं.

आणि आता माझ्या मुलाचं. वीस वर्षांचा. हिरड्यांतून थोडं रक्त आणि खालच्या पुढच्या दातांमागे किटण, म्हणून तो तुमच्याकडे आला. त्याला तुम्ही सांगितलंत, डीप क्लीनिंग, चार सिटिंग, पॅकेजमध्ये स्वस्त पडेल. कशावरून? त्याच्याही तोंडात सळई गेली नव्हती. महाविद्यालयात मोजलं तर बहुतेक जागी दोन, कुठे कुठे तीन. हाड जागच्या जागी. साधी सफाई झाली, ब्रश कसा धरायचा ते दाखवलं, दोन-तीन आठवड्यांत रक्त थांबलं. उथळ जागी मुळं खरवडली तर हिरडीची चांगली पकड उलट सुटते, हेही तिथेच कळलं. म्हणजे जिला गरज होती तिला पॉलिश आणि ज्याला गरज नव्हती त्याला खोदकाम. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सफाईने दात हलतात म्हणून आमच्या गल्लीतल्या बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत. खरं तर हाड आधीच गेलेलं असतं आणि किटणानेच दात एकमेकांना चिकटून राहिलेले असतात. हे त्यांना कोण सांगणार? मी सांगते आहे, जिने-जिने विचारलं तिला. आणि पुढे हेही सांगते की डॉक्टरने सफाई कुठलीही सुचवली तरी आधी म्हणायचं, ‘मोजा, आणि आकडे कागदावर लिहून द्या.’ दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

आईच्या तक्त्याची प्रत सोबत जोडली आहे. लाल खुणा नीट पाहा.

आणखी एक. 2019 मध्ये तुम्ही तिच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल केलं होतंत, तेव्हा एक्स-रे काढला होता. तुम्ही त्यात मुळाचं टोक पाहिलंत. शेजारचं हाड कुठवर होतं, हेही त्याच फिल्मवर असणार. तो एक्स-रे मला हवा आहे. येत्या सोमवारी आईची पुढची मोजणी आहे आणि तिथल्या डॉक्टरांना तो आत्ताच्या एक्स-रेशी ताडून पाहायचाय. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः घ्यायला येते.

तुमच्या पेशंटची मुलगी