व्यत्यय

‘व्यत्यय’ हा जड शब्द मला शाळेनं नव्हे, दूरदर्शननं शिकवला. फळ्यावर भेटला असता तर अर्थ पाठ करावा लागला असता. पडद्यावर आला आणि न विचारता कळला. व्यत्यय म्हणजे आईनं उठून वरणाला फोडणी देऊन यायचं, आजीनं जपमाळेचा सुटलेला मणी पुन्हा पकडायचा आणि दादांनी गच्चीवर जायचं. बिघाड मुंबईत असो की दिल्लीत, दादा आधी गच्चीवरच जात.

साहेबाच्या घरीही असंच होतं, हे फार उशिरा कळलं. 1950च्या दशकात बीबीसीचा कार्यक्रम अडखळला की पडद्यावर कुंभाराचं चाक फिरू लागे. ओली माती बोटांतून वर चढायची, पुन्हा खाली बसायची. मडकं काही पुरं होत नसे. 1969 साली ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात लुलू नावाचं हत्तीचं पिल्लू आणलं, तर त्यानं स्टुडिओतच देहधर्म उरकला आणि माहुताला फरफटत नेलं. आमच्या वेरूळच्या कैलास लेण्यातले दगडी हत्ती बाराशे वर्षं उभे आहेत, सोंडा गमावल्या पण शिस्त नाही. अर्थात, लुलू जिवंत होती, हा तिच्या बाजूचा मोठाच मुद्दा.

मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं. तिथं स्मिता पाटील बातम्या द्यायच्या त्या जीन्सवर साडी गुंडाळून, असं सांगतात. पडद्याला पाय नव्हते, म्हणून किती गोष्टी झाकल्या गेल्या!

आमच्या पडद्याला पाय होते, पण ते गच्चीवर. म्हैसमाळच्या डोंगरावरचा मनोरा पुढे सगळ्यांच्या ओळखीचा झाला. त्याआधी ॲण्टेनाचं तोंड कुठं असावं यावर औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत जितकी घरं तितकी मतं. संक्रांतीत मांजा त्याची मान वळवी, एरवी कावळे. दादा वर पाइप फिरवत, बहीण टीव्हीपुढे, मी जिन्यात निरोप्या. “दिसायलंय का?” “दिसायलंय!” “आता?” “आता गेलं!” भिंतीपलीकडून खाला ओरडत, “अब्बी तो अच्छा दिख रा था जी, कायकू हिलाए?” पाइपची एक खोड होती. हात लावून उभं राहिलं की चित्र येई, सोडला की मुंग्या. त्यामुळे 1987त सुरू झालेलं रामायण दादांनी कितीतरी रविवार पाहिलंच नाही, जिन्यातून ऐकलं. माझ्या तोंडून. घाईत मी पात्रांची अदलाबदल करी, ते काही बोलत नसत.

अशाच एका रविवारी बराच वेळ मुंग्या होत्या. दादांनी पाइप इंचभर हलवला आणि पडदा एकदम लख्ख झाला. इतका, की त्यावरची अक्षरं दाराबाहेरून वाचता यावीत : ‘रुकावट के लिए खेद है’. बहीण आनंदानं ओरडली, “आलं! एकदम स्वच्छ!” मी निरोप जसाच्या तसा वर पोचवला.

“मग हलू नका कुणी,” दादा म्हणाले, आणि उन्हात पाइप धरून उभे राहिले.