मुंग्या

आमच्या घरी पहिला टीव्ही आला, तेव्हा त्याच्या पाठोपाठ मुंग्याही आल्या. साखरेच्या डब्याला लागणाऱ्या नव्हेत. पडद्यावर खसखस उधळावी तशा, काळ्या-पांढऱ्या, अंगावर काटा आल्यासारख्या थरथरणाऱ्या. वसईहून वरळीचा मनोरा तसा लांबच. वाऱ्याची झुळूक आली, अँटेनावर कावळा बसला, की बातम्या वाचणाऱ्या बाईंच्या गालावर मुंग्या चढत आणि बघता बघता बाईंना पदरासकट फस्त करीत. मग पप्पा कौलांवर चढायचे. मी अंगणात, धाकटी बहीण खिडकीत आणि आजी टीव्हीसमोर, अशी साखळी लागायची. "दिसतंय का?" हा पप्पांचा प्रश्न माझ्याकडून बहिणीकडे आणि बहिणीकडून आजीकडे जाई. आजीचं उत्तर उलट वाटेनं वर पोहोचेपर्यंत पप्पांचा हात सहा इंच पुढे सरकलेला असे, त्यामुळे ते उत्तर नेहमीच शिळं असायचं. पण मध्यस्थांमार्फत वर निरोप पाठवणं आम्हा कॅथलिकांच्या अंगवळणी पडलेलं, त्यामुळे कुणाला त्यात गैर वाटत नसे.

पुढे आयुष्यभर मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. त्या काळात कधीतरी वाचलं, की त्या मुंग्यांपैकी शंभरातली एखादी थेट विश्वाच्या बालपणातून आलेली असते. विश्वाचं वय साधारण 1380 कोटी वर्षं. ते जेमतेम 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना त्यातलं धुकं निवळलं आणि प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश ताणत, थंडावत, आता सूक्ष्मलहरींच्या रूपात, सगळ्या दिशांनी अजून येतो आहे. म्हणजे ज्याला आम्ही अडथळा म्हणत होतो, तो त्या संध्याकाळचा सर्वांत लांबून आलेला पाहुणा होता. आणि आम्ही त्याला हाकलायला माणूस छपरावर चढवत होतो. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. मोठेपणी कळावं, की लहानपणी दारातून परत पाठवलेला तो फाटका माणूस आजोबांचा सख्खा भाऊ होता, तसं काहीसं.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीत पेन्झियस आणि विल्सन नावाच्या दोन शास्त्रज्ञांनी 1964 साली हेच केलं होतं, याचा मला फार आधार वाटतो. त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या भल्यामोठ्या अँटेनात एक खरखर सतत यायची. कुठेही रोखा, रात्र असो की दिवस, खरखर तीच. आत कबुतरांनी संसार थाटला होता. या दोघांनी कबुतरं पकडून लांब पाठवली, ती परत आली. विष्ठा खरवडून काढली. खरखर जशीच्या तशी. पुढे 1978 साली त्या खरखरीला नोबेल मिळालं. आमच्या पप्पांना कावळ्यांपलीकडे काही मिळालं नाही, पण कामाची पद्धत एकच.

या सगळ्याचा माझ्या श्रद्धेशी संबंध काय, असं कुणीही विचारील. संबंध लहानपणीच जडला. धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर उत्पत्तीचं पुस्तक शिकवीत होत्या: पहिल्या दिवशी प्रकाश, चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र. मी हात वर करून विचारलं, "सूर्यच नव्हता तर पहिले तीन दिवस मोजले कसे?" सिस्टरांनी मला खिडकीजवळ उभं केलं, तिथे मात्र सूर्य भरपूर होता. आपण चर्चच्या इतिहासातला पहिला बंडखोर आहोत, या समजुतीत मी कित्येक वर्षं सुखात काढली. मग कळलं, की ओरिजेन या धर्मपंडितानं तिसऱ्या शतकातच हा प्रश्न विचारून ठेवला होता आणि हे दिवस शब्दशः घेणाऱ्यांची थट्टाही केली होती. माझं बंड सतराशे वर्षं जुनं निघालं.

कॉलेजात गेल्यावर मात्र गंमत उलटली. ताऱ्यांच्या आधी प्रकाश हे तर विज्ञानही सांगतं! तारे पेटायला त्या पहिल्या प्रकाशानंतर काही कोटी वर्षं जावी लागली. मला आकाश ठेंगणं झालं. मी एक वही केली. डाव्या पानावर उत्पत्ती, उजव्या पानावर भौतिकशास्त्र, मधे रेघ, आणि सगळं एकमेकांशी जुळवत सुटलो. आजोबांना ऐकवलं. ते केळीचे बागायतदार. पहिल्या दिवसाला त्यांनी मान डोलावली, दुसऱ्या दिवसालाही डोलावली. तिसऱ्या दिवशी झाडंझुडपं, फळझाडं आली आणि त्यांची मान थांबली. "सूर्य चौथ्या दिवशी ना रे?" ते म्हणाले. "मग केळी पिकली कशी? आणि सुकेळी कशावर सुकवायची?" राजेळी केळी सोलून उन्हात वाळवण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाला बिनउन्हाची बाग मान्य होणं कठीण होतं. ते रोज पहाटेच्या मिस्सेला जात. त्या दिवशी केळीचा प्रश्न अनुत्तरित ठेवून ते गेले आणि तितक्याच निवांतपणे परतले. वही मात्र माझ्याकडून पुढे लिहून झाली नाही.

जॉर्ज लमेत्र यांनीही तरुणपणी अशी एक वही केली होती, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. हे बेल्जियमचे. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढले, मग गणित-भौतिकीकडे वळले आणि 1923 साली धर्मगुरू झाले. त्याच्या दोनच वर्षं आधी त्यांनी देवाच्या पहिल्या तीन शब्दांवर एक टिपण लिहिलं होतं. त्यात उत्पत्तीची ओळ आणि भौतिकशास्त्राचा नियम यांची सोयरीक जुळवण्याचा खटाटोप होता. ते त्यांनी छापलं नाही, आणि तो नादही पुढे सोडला. 1927 साली त्यांनी विश्व प्रसरण पावत असल्याचं मांडलं, तेव्हा आइन्स्टाईन त्यांना म्हणाले की गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र भयंकर. 1931 साली तर लमेत्रांनी सगळ्या विश्वाला एका आद्य अणूत नेऊन बसवलं. त्यांच्या लेखी आजचं विश्व म्हणजे नुकतीच संपलेली आतषबाजी. आमच्याकडे चर्चच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात जळक्या फटाक्यांचे कागद वाऱ्यावर भिरभिरत असतात. त्यातून चालताना मला अजून लमेत्र आठवतात.

त्या 1931 सालच्या 'नेचर'मधल्या छोट्याशा पत्राचा टंकलिखित मसुदा शिल्लक आहे. त्याच्या शेवटी एक परिच्छेद होता: देव मुळातच लपलेला आहे असं मानणाऱ्याला, भौतिकशास्त्रानं सृष्टीच्या जन्मावर पडदा धरलेला पाहून आनंदच व्हावा, अशा आशयाचा. लमेत्रांनी तो खोडला आणि मगच पत्र छापायला गेलं. त्या खोडण्यावर माझा फार जीव आहे. श्रद्धा आणि विज्ञान यांचा मेळ घालणारी जाडजूड पुस्तकं मी वाचली आहेत, त्यातली काही लग्नाच्या बैठकीतल्या अति उत्साही मामांसारखी वाटतात. दोन्ही पक्षांना बोलूच देत नाहीत. या धर्मगुरूनं मात्र पेन उचललं आणि देवाच्या अंगावरचं पांघरूण हळूच परत नीट केलं.

मामांचं काम पुढे खुद्द पोपसाहेबांनी केलं. नोव्हेंबर 1951 मध्ये बाराव्या पायस यांनी शास्त्रज्ञांसमोर भाषण करताना, विज्ञान आता सृष्टीच्या आरंभाच्या 'प्रकाश होवो' या आदिवचनाचं साक्षीदार झालं आहे, असा सूर लावला. लमेत्रांची पंचाईत झाली. मुलगा नुकता परीक्षेला बसलेला असावा आणि वडिलांनी गावभर पेढे वाटावेत, तशी. सिद्धांत अजून कच्चा, विरोधक टपलेले, आणि उद्या तो चुकला तर काय, देवही चुकला म्हणायचं? ते रोमला गेले, व्हॅटिकनच्या वेधशाळेतल्या फादरांशी बोलले. पुढच्या सप्टेंबरात पोपसाहेब जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांपुढे उभे राहिले, तेव्हा तो सूर पुन्हा लागला नाही. "आमच्या ग्रंथात हे आधीच होतं" हा मोह कुठल्या धर्माला सुटलाय? आपल्याकडे तर पुष्पक विमानाचं इंजिन शोधणारे अजून हयात आहेत. म्हणून त्या शांत, गोलमटोल, गळ्यात पांढरी कॉलर घातलेल्या प्राध्यापकाचं मला जास्तच कौतुक वाटतं. त्यांनी आपल्याच घरच्या वडीलधाऱ्यांना, आवाज न चढवता, जरा थांबा म्हटलं.

'बिग बँग' हे नाव तर विरोधकाचं. फ्रेड हॉयल यांनी 1949 साली रेडिओवर बोलताना ते वापरलं, आणि तेच चिकटलं. या हॉयल यांचे शिष्य म्हणजे आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर. म्हणजे बघा, महाराष्ट्रात विश्वाला आरंभ होता असं वर्गात सांगणारा मी, चर्चला जाणारा मास्तर; आणि त्यावर शंका घ्यायला शिकवणारे आमचे सर्वांत लाडके शास्त्रज्ञ. एक मुलगा मला दरवर्षी हमखास विचारी, "सर, नारळीकर तर नाही म्हणतात?" मी म्हणे, "म्हणू देत. त्यांना गणित जास्त येतं." पुरावे महास्फोटाच्या बाजूला झुकलेले होते, हेही सांगत असे. पण माझा देव त्या पुराव्यांच्या भाड्याच्या खोलीत राहत नव्हता, त्यामुळे नारळीकरांची पुस्तकं मी निर्धास्तपणे वाचली.

कधी कधी मला गोव्यातल्या राशोलच्या छापखान्याची आठवण येते. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, यांनी जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांत बायबलची कथा रचली आणि ती 1616 साली तिथे छापली. त्याच वर्षी रोममध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर, दुरुस्त होईपर्यंत, बंदी आली. तिकडे पृथ्वी फिरते की नाही यावरून कपाळावर आठ्या; इकडे गोव्यात कुणी एक परदेशी म्हातारा सृष्टीचा जन्म ओवीच्या झोक्यावर बसवतोय. त्याला इतिहास म्हणता आलं असतं, वृत्तान्त म्हणता आलं असतं. त्यानं म्हटलं पुराण. मराठी कानाला त्या शब्दाचं सगळं कळतं: हे खरं आहे, पण याला फूटपट्टी लावायची नसते. नंतर 1650 साली आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांनी फूटपट्टी लावलीच, आणि सृष्टीचा मुहूर्त काढला: इसवी सनपूर्व 4004, ऑक्टोबरची अखेर. पप्पा हे ऐकून म्हणाले, "म्हणजे दिवाळीच्या सुमाराला. भातकापणीत कुणाला सवड असते?"

जून 1966 मध्ये लमेत्र इस्पितळात अखेरचे दिवस मोजत होते. कबुतरांच्या अँटेनातल्या खरखरीची बातमी त्यांना एका सहकाऱ्यानं तिथे सांगितली. त्यांच्या आतषबाजीची धग सापडली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

आता आमच्या घरी भिंतीएवढा टीव्ही आहे आणि मुंग्या नाहीत. सिग्नल गेला की निळा पडदा येतो, त्यावर क्षमायाचना लिहिलेली असते. मला जुलैमधली ती एक संध्याकाळ आठवते. पाऊस नुकता थांबलेला, कौलांवर शेवाळ, पप्पा अनवाणी वर. आजी टीव्हीसमोर जपमाळ घेऊन बसलेली. साखळीतली बहीण कंटाळून झोपली होती, म्हणून मीच पळत आत आलो. पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि त्यांची ती सुरूच्या बनातून वारा जावा तशी सूं सूं. आजीच्या चेहऱ्यावर त्यांचा उजेड हलत होता. वरून एक कौल सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पप्पांचा.

"दिसतंय का?"

आजीनं मणी पुढे ढकलला. पडद्यावरची नजर न काढता, कधी नव्हे तो तिनं आवाज चढवला.

"दिसतंय रे बाबा, दिसतंय. उतर आता खाली."