चिकूचे बाबा

चिकूचे बाबा तुमच्याही सोसायटीत असणारच. आडनाव विचारू नका, ते लेटरबॉक्सवर असेल. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ते 'चिकूचे बाबा', बायको 'चिकूची आई' आणि बंगळुरूला नोकरी करणारा पोटचा मुलगा 'चिकूचा दादा'. चिकू हा लॅब्राडॉर आहे.

या गृहस्थांनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. पण कोंबडीच्या कलेजीवर बोलायला लागले की अस्सल कोल्हापूरकरानं माघार घ्यावी. नव्यानं कुत्रा पाळलेलं कुणी दिसलं रे दिसलं, की हे त्याच्या हातातलं खाण्याचं पाकीट काढून घेतात आणि उलटं करतात.

"पुढं जाहिरात असते. मागची बाजू बघा. पहिलं काय लिहिलंय? चिकन. झालात खूश? हा क्रम वजनावर लावतात, तेही शिजवण्याआधीच्या. ताज्या चिकनमध्ये ७० टक्के पाणीच. ते उडालं की काय उरलं? आता खाली या. मक्याचा भरडा. मक्याचं ग्लुटेन. मक्याचं पीठ. मतदारयादीत एकच माणूस तीन नावांनी घुसावा, तसा हा मका घुसलाय. बेरीज करा, मकाच निवडून येतो!"

समोरचा बिचारा पिल्लाला शू करायला खाली घेऊन आलेला असतो. त्याची सुटका अमेरिकेला जाऊन आल्याशिवाय होत नाही. तिकडच्या नियमानं डब्यावर नुसतं 'चिकन' लिहायचं तर पाणी वगळून ९५ टक्के चिकन लागतं, 'चिकन डिनर'ला २५ टक्के पुरतं, 'विथ चिकन'ला ३. आणि 'चिकन फ्लेवर'? "नुसता वास आला तरी चालतो," असं म्हणून ते पाकीट परत देतात.

ही उलटं करण्याची खोड पाकिटापुरती राहिली असती तर माझी तक्रार नव्हती. ते लग्नपत्रिका उलटी करतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोण उलटा करतात. मुलाला सांगून आलेल्या एका मुलीच्या बायोडेटाची मागची बाजू कोरी निघाली, तर म्हणाले, "काहीतरी लपवतायत." सोसायटीचा हिशेब ते शेवटच्या पानावरून वाचतात. तिथल्या बारीक टायपात रंगाच्या कंत्राटदाराला एकच बिल दोनदा दिल्याचं त्यांनीच शोधलं. तेव्हापासून सेक्रेटरी त्यांना बघून जिना बदलतात.

त्यांना खरं पाहावं ते चिकनच्या दुकानात. नाकाला रुमाल, डोळे थेट ट्रेमधल्या कलेजीवर. दुकानदार सवयीनं विचारतो, "कुत्र्यासाठी ना?" आणि मुंडी-पायांच्या बादलीकडे हात नेतो.

"चिकूसाठी," हे सुधारतात. "ती नको. हिरवट डाग दिसतोय, पित्त फुटलंय. ती कडेची द्या. कोंबडी कुठली?"

"पोल्ट्रीची."

"ते कळलं हो. कुठल्या पोल्ट्रीची?"

"काका, खाणारी माणसंसुद्धा एवढं विचारत नाहीत."

"तिथंच तर चुकतं!"

एका कंपनीलाही त्यांनी हाच प्रश्न मेलवर विचारला होता. उत्तर आलं : 'चिकूवरील आपल्या प्रेमाबद्दल आभार. आमचे घटक निवडक पुरवठादारांकडून येतात.' यांनी उलट विचारलं, 'कोणी निवडले?' त्यावर सवलतीचं कूपन आलं. मागच्या बाजूला मुदत होती, उलटून गेलेली. ही लपवालपवी जुनीच. जेम्स स्प्रॅट नावाच्या गृहस्थांनी १८६०च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली आणि त्यांतलं मांस कुठलं ते मरेपर्यंत सांगितलं नाही. चिकूचे बाबा या स्प्रॅटबद्दल असं बोलतात, की वाटावं, तो यांचे पैसे बुडवून पळालाय.

हसून झालं की ते २००७ सालावर येतात आणि मग हसू जरा आवरावं लागतं. त्या वर्षी अमेरिकेत आणि कॅनडात कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. त्यांच्या खाण्यात चीनमधून आलेलं गव्हाचं ग्लुटेन होतं आणि त्यात मेलामाइन मिसळलेलं होतं. प्रथिनं मोजतात ती नायट्रोजनवरून, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. म्हणजे मागच्या बाजूचा आकडा चोख, आत विष. पुढच्याच वर्षी, २००८ला, तेच मेलामाइन चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरीत सापडलं. "कुत्री आधी मेली होती," चिकूचे बाबा म्हणतात, "कुणी विचारलं का, ही का मेली?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही, आणि हा माणूस मला त्यासाठीच सहन होत नाही.

पाकिटांवरचा विश्वास उडाल्यावर त्यांनी बाल्कनीत चिकूचा वेगळा संसार मांडला. एक शेगडी, एक कुकर. बायकोच्या सोवळ्यासाठी कुकरवर मांसाहाराची तपकिरी खूण ऑइलपेंटनं काढली. सरकारनं गोलाचा त्रिकोण केला, तेव्हा यांनीही कुकर घासून त्रिकोण रंगवला. रोज सकाळी रुमाल बांधून स्वतः चिकन शिजवतात, हाडं वेचतात, भातात कालवतात आणि डॉक्टरांनी सांगितलेली कॅल्शियमची पूड मोजून घालतात. उरलेलं गेटवरच्या भटक्या कुत्र्यांना, वेगवेगळ्या पत्रावळींवर. पत्रावळ आधी उलटी करून बघतात, हे सांगायला नकोच.

चिकू आता बारा वर्षांचा आहे. दिसतं कमी, मागचे पाय लटपटतात. मूत्रपिंडांचा रिपोर्ट मात्र तरण्या कुत्र्यासारखा आला. तो कागद चिकूच्या बाबांनी मला जिन्यात थांबवून दाखवला. एकदाही उलटा केला नाही.

स्वतःला मधुमेह आहे आणि दुपारच्या चहाला नानकटाई लागते. बायको ओरडली की सांगतात, बेकरीतल्या सुट्या मालाला मागची बाजू नसते. तेव्हा तुमच्या घरी कुत्रा येणार असेल तर यांना एकदा जरूर बोलवा. सगळं ऐकून घ्या, वहीत लिहून ठेवा, चहा बिनसाखरेचा करा. आणि नानकटाईचा डबा आधी वरच्या फळीवर ठेवा.